दुसऱ्या कुणाच्या बाळाची हकीगत

मुलगा अकरा दिवसांचा झाला आणि मला वाटायला लागलं, आपल्याकडं आता फार तर आठ दिवस उरलेत. हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या आधीची मुलगी एकोणिसाव्या दिवशी गेली होती. तीही अशीच पिवळी पडत गेली, प्यालेलं ओकत गेली, आणि शेवटी शेवटी तर रडायचीसुद्धा बंद झाली. याचंही तेच चाललं होतं, त्याच क्रमानं. रोज सकाळी उठून मी वजाबाकी करायचो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची.

मी तेव्हा परभणीला शेतकी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होतो. गाव पोखर्णी, राहायला कॉलेजजवळ दोन खोल्या. बायको पेडगावची, माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे माझी आई तिची आत्या. आम्ही दोघं लहान होतो तेव्हापासून आई सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत सांगत फिरायची, "भावाची पोरगी मीच करणार, दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायची न्हाई." आणि तिनं ते करून दाखवलं. लग्न झाल्यावरही बायकोनं तिला सासूबाई वगैरे कधी म्हटलं नाही, आत्याच म्हणायची. सासू-सुनेची कुरबुर म्हणून आमच्या घरात नव्हती. पहिली मुलगी जाईपर्यंत नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी, पेडगावला झालं. पोरगी गेल्यावर आईनं तिथंच, मामाच्या ओसरीवर निकाल देऊन टाकला होता. "दूध बाधलं. हिच्या खाण्यात कायतरी आलं." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं दुसऱ्या वेळी आम्ही सगळं फुंकून फुंकून केलं. बायकोला माहेरी पाठवलं नाही. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात केलं. आईला परभणीला आणलं आणि आईनं बाळंतिणीचं खाणंपिणं ताब्यात घेतलं. लसूण बंद, डाळ बंद, डिंकाचे लाडू बंद. ज्वारीची भाकर आणि शेपाचं पाणी. तरी पाचव्या दिवशी पोरगं ओकलंच. मग भाकरही अर्धी झाली. बायको दहा दिवसांत इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पोरगं रडलं की पदराखाली घ्यायची, आणि ओकलं की माझ्याकडं बघायची.

दहाव्या दिवशी आईनं बिब्बा आणि सुई काढली. पोराच्या पोटावर चटके द्यायचे म्हणे. मी बिब्बा हिसकावून बाहेर भिरकावला आणि आईवर ओरडलो, जन्मात पहिल्यांदा. ती म्हणाली, "मंग तूच कर काय करायचं ते. लय शिकलास ना!"

लय शिकलो होतो, पण करायचं काय ते कळत नव्हतं.

पोराला घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरकडं गेलो. तो तिकडचा, पुण्याकडचा. माणूस चांगला, पण बोलणं तुटक. त्यानं रक्त घेतलं, लघवीत पट्टी बुडवून साखर पाहिली, ती काही निघाली नाही. पोट दाबून म्हणाला, यकृत वाढलंय. घरात असं आणखी कुणाला झालं होतं का? पहिल्या मुलीचं सांगितलं. लग्न रक्ताच्या नात्यात झालंय का? मी म्हणालो, "नाही साहेब." खोटं बोललो नाही हो मी! रक्ताचं नातं म्हणजे भावकी, एका आडनावाचं, एका कुळाचं. त्यांच्यात लग्न करील तो माणूस कसला! मामाच्या मुलीवर तर आपला हक्कच असतो. ते सांगायची गोष्ट आहे असं माझ्या मनातही आलं नाही. डॉक्टरनं कागदावर तसं लिहिलं आणि चिठ्ठी दिली. औरंगाबादला न्या, उद्याच न्या.

उद्या बंद होता. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस ते. मराठवाड्यात आज हे बंद करायचे, उद्या ते. एरवी चहाच्या टपरीवर मी त्यावर तावातावानं बोलायचो, कोण बरोबर आणि कोण चूक ते सांगायचो. त्या सकाळी मला फक्त एक गाडी पाहिजे होती. एसटी स्टँडवर कुत्रं नव्हतं. जीपवाल्याच्या घरी जाऊन अक्षरशः पाय धरले. तो म्हणाला, "मास्तर, बाळंतीण अन लेकरू हाय म्हणून तर न्हाई म्हणायलोय. वाटंत दगूड आला तर कुणाला लागंल?" त्याचंही बरोबरच होतं. त्याचं बरोबर आहे हे कळल्यावर मला त्याचा आणखीच राग आला.

घरी परत जायची हिंमत होईना. बायको दारात उभी असणार आणि गाडी कुठंय म्हणून बघणार. खिशात लायब्ररीची किल्ली होती. सायकल आपोआप तिकडं वळली.

आता या किल्लीचं सांगतो. लायब्ररीत वर्षभरापूर्वी एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्याबरोबर सीड्यांचा एक डबा. जगभरातल्या शेतकीच्या, दुग्धशास्त्राच्या, गुराढोरांच्या मासिकांत जे लेख छापून येतात, त्यांचे सारांश त्या सीड्यांत भरलेले. पूर्ण लेख नाही, नुसता दहा-बारा ओळींचा सारांश. शब्द टाकायचा, यंत्र शोधून देणार. आमच्या अख्ख्या कॉलेजात ते चालवायला मी एकटा शिकलो होतो, वासरात लंगडी गाय शहाणी. मोठमोठे प्राध्यापक चपला बाहेर काढून त्या खोलीत यायचे आणि माझ्यापुढं हात बांधून उभे राहायचे. पोरं फॉर्मवर धडाधड दहा-दहा शब्द लिहून आणायची. मी खेकसायचो, "अरे शहाण्या, प्रत्येक शब्द म्हणजे एक चाळण आहे. दहा चाळण्या लावल्यावर खाली काय उरणार, तुझं डोकं?"

वॉचमन ओळखीचा, त्यानं आत सोडलं. यंत्र चालू केलं. ते जागं व्हायला पाच मिनिटं घ्यायचं, ती पाच मिनिटं मी भिंतीवर डोकं टेकून उभा होतो.

शेतकीच्या सीडीत माणसाचं पोर कुठून सापडणार, असं तुम्ही म्हणाल. मला तरी कुठं वाटत होतं? पण विहिरीत पडलेला माणूस हाताला काय लागतंय ते बघत नाही. आणि माझ्या डोक्यात आईचंच भूत बसलेलं होतं. दूध बाधलं. म्हणून मी आधी आईचा आहार आणि दुधातला दोष असं शोधलं. आल्या म्हशी. दुभत्या म्हशींना सरकी किती घालावी, गाईंच्या दुधात चाऱ्याचा वास का उतरतो. पन्नास-साठ सारांश वाचले. एका ठिकाणी ओकणारी वासरं होती, तीही वाचली. 

मग मी काय केलं? बाळ, कावीळ, ओकारी, यकृत, दूध, सुस्ती, वजन, मृत्यू, आठच्या आठ शब्द एकमेकांना जोडून टाकले. ज्यासाठी पोरांना वर्षभर शिव्या घातल्या तेच. यंत्र घुरघुरलं आणि पडद्यावर शून्य आलं. ते शून्य बघून मी रडायला लागलो. अक्कल गेली होती, दुसरं काय. जगात कुणाच्याच लेकराला असं झालेलं नाही, एवढाच अर्थ मला त्या शून्याचा लागला.

तेवढ्यात लाइट गेली. यंत्र बंद, दिवा बंद, पंखा बंद. मी अंधुक उजेडात तसाच बसून राहिलो. तोंडात देवाचं नाव यायला पाहिजे होतं, आली शिवी. कुणाला घातली ते मलाही माहीत नाही.

पाऊण तासानं लाइट आली. तोवर डोकं जरा थंड झालं होतं. म्हटलं, गड्या, पोरांना सांगतोस तसं कर. तीनच शब्द. बाळ, दूध, कावीळ. अलीकडच्या वर्षांच्या सीडीत काही नाही. ती काढली, फडक्यानं धरून जुन्या वर्षांची घातली. तिच्यात पाच निघाले. दोन डुकरांच्या पिलांचे, एक उंदरांचा, एक कुठल्या तरी डबाबंद पावडरीचा. पाचवा दुग्धशास्त्राच्या कुठल्याशा परदेशी मासिकातला, एका बाळाची हकीगत.

ती मी उभा राहून वाचली. बाळ जन्मतः चांगलं. आठवड्याच्या आत ओकाऱ्या, मग कावीळ, यकृताला सूज. त्याच आईबापांचं आधीचं मूल असंच दगावलेलं. दुधात जी साखर असते तिचा एक भाग या बाळाच्या अंगाला पचवताच येत नाही आणि तो विषासारखा साठतो. लघवीत ती साखर असते, पण मधुमेहाच्या पट्टीवर दिसत नाही, जुन्या पद्धतीनं उकळून पाहिली तरच दिसते. दूध, मग आईचं असो की गाईचं, पूर्ण बंद केल्यावर बाळ काही दिवसांत सावरलं. आणि शेवटची ओळ, बाळाचे आईबाप फर्स्ट कझिन्स होते.

कझिन? माझी बायको आणि कझिन? ही कल्पनाच मला आधी कळेना. मग मी बोटांवर मोजलं. ती माझ्या आईच्या सख्ख्या भावाची. माझी आई तिच्या बापाची बहीण. खुर्चीचा हात धरून मी खाली बसलो.

बसायला वेळ नव्हता पण. त्या सारांशाचा कागद प्रिंटरमधून करकर करत बाहेर येईपर्यंत मी त्याला ओढत होतो, एक कोपरा फाटलासुद्धा. घरी गेलो, बायकोला म्हणालो, पोराची लघवी एका बाटलीत धर, का ते विचारू नको. तिनं विचारलं नाही. बाटली घेऊन केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या माणसाकडं गेलो. मानवतचा, रोजचा माझा चहाचा सोबती, कॉलेजच्याच आवारात राहायचा. ज्वारीच्या धाटात साखर किती उतरली ते बघायला त्याच्याकडं एक निळं औषध असायचं. म्हटलं, हे उकळून दे. तो म्हणाला, "कशाचा रस हाय ह्यो?" मी म्हणालो, "माझ्या पोराचा मूत हाय." त्यानं बंदच्या दिवशी लॅब उघडली आणि दिवा पेटवला.

नळीतलं निळं आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. तो माझ्याकडं बघून हळू म्हणाला, "साखर हाय. लय हाय." जगात कुठल्या बापाला आपल्या लेकराचा रोग निघाल्याचा आनंद झाला असेल? मला झाला. मी त्याला मिठी मारली आणि नळी सांडली.

डॉक्टरनं कागद दोनदा वाचला. नळीचं ऐकलं. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "हे मी शिकलोय. परीक्षेपुरतं शिकलो होतो." मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला. मग त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "काल नाही म्हणालात." मी मान खाली घातली. म्हणालो, "मामाची मुलगी आहे." त्यानं कागदाच्या मागं दोन गोल काढून मला समजावलं. हा दोष अर्धा बापाकडून यावा लागतो आणि अर्धा आईकडून. एकट्याकडून आला तर लेकराला काही होत नाही. आमचे आजा-आजी एकच, तिथूनच कुणाकडून तरी तो दोघांत उतरला असणार. "आईच्या दुधात दोष नाही," तो म्हणाला. "हे घरी नीट सांगा." दूध आत्ताच्या आत्ता बंद, तोवर ग्लुकोजचं पाणी आणि तांदळाची पातळ पेज. बंद उठला की औरंगाबादहून दूध नसलेल्या पावडरीचा डबा मागवायचा.

घरी गेलो आणि सांगितलं, दूध बंद. आजपासून एक थेंब नाही.

एवढंच सांगितलं. पुढचं तोंडात आलं होतं. पण समोर आई बसलेली, मांडीवर नातू. आणि मी ते सांगायच्या आत तीच म्हणाली, "मी काय म्हणत व्हते? दूध बाधलं म्हणून कवाची सांगायले मी! आता डाक्टर बी तेच म्हणायला." तिच्या आवाजात इतका सुटल्यासारखा भाव होता की मी पुढचं गिळलं. सगळ्या सोयऱ्यांत मिरवून जिनं ही सोयरीक जमवली, तिला कसं सांगू? म्हटलं, पोरगं आधी जगू दे. नंतर सांगू.

चार दिवस गेले. आई चमच्यानं पेज पाजायची. बायको आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिचं दूध काही थांबलं नव्हतं, पोरगं कण्हलं तरी चोळी भिजायची. ती उठून न्हाणीत जायची आणि पिळून टाकून यायची. आई बाहेरून बोलत राहायची, शेजारणींनाही सांगायची, काय नशीब बघा, आईचंच दूध लेकराला इख झालं. मी ऐकायचो आणि चपला घालून बाहेर जायचो. डब्याची चौकशी करायला, असं सांगून.

पोरगं जगलं, हे इथंच सांगून टाकतो, वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला सवय नाही. आज तिशी ओलांडलेला बाप्या आहे, काळा चहा पितो आणि माझ्याशी वाद घालतो. पाचव्या दिवशी सकाळी तो रडला, पण असा रडला की शेजारचे धावत आले. डोळ्यांचा पिवळेपणा उतरत होता. आईनं त्याची दृष्ट काढली. घरात चार दिवसांनी भाजी शिजली.

जेवणं झाल्यावर बायको भिंतीपासून उठून बसली. म्हणाली, "तो कागद आणलाय ना तुमी, त्यात काय लिवलंय ते सगळं वाचून दाखवा की." ती दहावी शिकलेली, पण ते इंग्रजी छापलेलं तिला झेपण्यासारखं नव्हतं. मी घडी उलगडली आणि एकेक ओळ मराठीत करून सांगितली. ओकारी, कावीळ, आधीचं मूल, साखर, दूध बंद, बाळ सावरलं. तिथं थांबलो आणि कागदाची घडी घातली.

तिनं त्या घडीकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी पोरीला बी हेच व्हतं."

मी म्हणालो, "असंल."

"शेवटच्या दिशी ती ओढतच नव्हती. मी पिळून पिळून चमच्यानं घातलं तिच्या तोंडात. तोंड दाबून धरून घातलं. म्हटलं, पोटात गेलं तर जगंल." ती हे माझ्याशी नाही, आपल्या हातांशी बोलत होती. "मीच घातलं की."

आणि आई पलीकडून म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "जाऊ दे बाई, तुझं दूधच तसलं, त्याला तू तरी काय करशील."

माझा ताबा सुटला. मी ओरडलो, "दुधाचं काही नाही त्यात!" घडी फाडल्यासारखी उघडली आणि ती शेवटची ओळ वाचली. त्या बाळाचे आईबाप मामे-आते भावंडं होते म्हणून. मग डॉक्टरचे दोन गोल दाखवले. अर्धं माझ्याकडून, अर्धं हिच्याकडून, आणि दोघांकडं एकाच घरातून आलेलं. तुझ्या आईबापाच्या घरातून, मी आईला म्हणालो. दूध कुणाचंही असतं तरी तेच झालं असतं. सगळं एका दमात बोलून टाकलं.

आई नातवाला थोपटत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली, मग बायकोकडं, आणि मग कुणाकडंच नाही. मला वाटलं, आता बायको रडेल, मोकळी होईल. निदान आत्याकडं रागानं बघेल. ती माझ्याकडं बघत होती.

"डाक्टरनं हे कवा सांगितलं तुमाला?"

"दूध बंद केलं त्याच दिवशी," मी म्हणालो.

"चार दिस झाले."

"आई समोर होती," मी म्हणालो. "तिला किती वाईट वाटलं असतं."

"अन मला?" ती म्हणाली.